आठ वर्षांचा फेरा

२ फेब्रुवारी २०२६
अकोल्याहून जीपनं हाडं खिळखिळी झाली, पण गाव पाहून शीण पळाला. अलीकडं घरं, नदीत दगड टाकून केलेली वाट, जी वरच्या धरणाचं पाणी सुटलं की बुडते, पलीकडं माझी शाळा. विज्ञान शिकवायला मी, आणि सोबत माझी सहा वर्षांची लेक सृष्टी, जिचं तोंड झोपेतही बंद नसतं. घरमालकीण केशरमावशींनी माझ्या चहाआधी तिला भाकरी-दूध दिलं. कार्टी लगेच पार्टी बदलून त्यांच्या मांडीवर.

५ फेब्रुवारी
शेजारचे भिमाजी दिवसभर ओट्यावर बसून असतात. मावशी म्हणाल्या, दर आठ वर्षांनी भर दुपारी गावावरून ‘ते’ जातं. दिसत नाही, पाखरं तेवढी गप्प होतात. मागच्या वेळी गाव जत्रेला गेलं होतं, हे एकटे घरी. मानूस जित्ता ऱ्हातो बाई, पन आतून बधिर. बायकोच्या मयताच्या दिवशी त्यांनी वेळेवर जेवण मागितलं म्हणे. तेव्हा माघी अमावास्या होती, म्हणून यंदा सतरा तारखेला अख्खं गाव वेशीबाहेर जाणार. मी हसू दाबलं.

९ फेब्रुवारी
दहावीला केप्लर. प्रदक्षिणेच्या वर्षांचा वर्ग म्हणजे अंतराचा घन. मावशींचं ‘ते’च फळ्यावर घेतलं. आठाचा वर्ग चौसष्ट, त्याचं घनमूळ चार. म्हणजे सूर्यापासून सरासरी पृथ्वीच्या चौपट अंतरावर फिरणारं काहीतरी. पोरं खूश. ज्योतीनं विचारलं, सूर्याभोवती फिरतंय तर चंद्राची तिथी कशी पाळंल? तेवढ्यात घंटा झाली.

१४ फेब्रुवारी
ज्योतीचा प्रश्न डोक्यातून जाईना. शाळेचं जुनं दप्तर काढलं. १५ फेब्रुवारी २०१०, दुपारी एक: नदीपलीकडे गावात पाखरे अचानक शांत. १५ फेब्रुवारी २०१८, दुपारी एक: तेच. शाळेला काही झालं नव्हतं. २०१० ला अमावास्या नव्हती. ते तारीख पाळतं. गाव तिथी धरून बसलंय. ते उद्या येणार.
मावशींना सांगितलं. तिथी कदी चुकत न्हाई बाई, म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी, सकाळी ११
महाशिवरात्र. गाव रतनवाडीच्या जत्रेला गेलंय, बरं झालं. गुडघ्यांमुळे मावशी मात्र घरीच. सृष्टीला शाळेच्या पटांगणात बसवलं, मी येईपर्यंत हलायचं नाही म्हणून शपथ घातली. मावशींना आणायला परत आले. त्यांना एकटं कसं सोडू?

१२.४०
पूजा झाल्याशिवाय उठणार नाहीत म्हणतात. हाताला धरून ओढलं. रडले. मला भीती वाटतेय. फार. वीस मिनिटं—

१.०५
पाखरं—

१.३०
बरं आहे. म्हणजे काहीच नाही. मावशी उतू जाणारं दूध बघताहेत. मीही बघितलं.

३.१०
ओट्यावरून नदी दिसते. धरणाचं पाणी सुटलंय, दगड बुडाले. सृष्टी काठावर आली आहे. हाका मारते. आई या शब्दाचा अर्थ मला माहीत आहे.

३.१४
पाण्यात उतरली. भिमाजीही बघताहेत. उठायला हवं, हे कळतं. पोचायला किती वेळ लागेल, ते गणितानं काढता येईल. अंतर साधारण चाळीस पावलं, पाणी तिच्या गळ्या—