आम्ही कसे भेटलो, याचं काय सांगावं

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा हा मनातल्या मनात घातलेला समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? फोनच करणार होतो, पण तू तो स्पीकरवर टाकून भाजी निवडत बसतेस आणि शेजारच्या काकूंना माझा संसार आयता ऐकायला मिळतो, म्हणून हे पत्र. आम्ही दोघं मजेत आहोत. म्हणजे तुझी सून मजेत आहे, आणि ती खरंच मजेत आहे की नुसती दिसते, याचा अंदाज घेण्यात माझा दिवस जातो.

त्याचं असं झालं. आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी (मी आत अंधारात नजर तपासतो, ते बाहेर उजेडात फ्रेमा विकतात) आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्हाला जेवायला बोलावलं. आणखी एक जोडपं होतं. जेवता जेवता कुणाचं कसं जमलं याच्या गोष्टी निघाल्या. मालक आणि मालकीणबाई म्हणे बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकले होते. दुसऱ्या जोडप्यातला नवरा दातांचा डॉक्टर. त्याने तिची अक्कलदाढ काढली आणि तिथेच तिने होकार दिला. (तोंडात कापूस असताना तो कसा दिला, हे विचारायचं राहून गेलं.) मग सगळ्यांचे डोळे आमच्याकडे वळले. बायकोने सरळ सांगितलं, "डेटिंग अ‍ॅपवर," आणि काकडी वाढून घेतली. आम्ही एकमेकांना घरपोच मागवलं असावं अशी शांतता पसरली. मालकीणबाई समुपदेशन करतात. त्यांनी फार मायेने सांगितलं, की अशा जोडप्यांच्या मनात पुढे म्हणे रुखरुख राहते: आणखी दोन चेहरे बघितले असते तर याहून बरं कुणी मिळालं असतं का? वर "तुमच्याबद्दल नाही हं," असंही म्हणाल्या. आत्या, हे वाक्य ज्याच्याबद्दल असतं त्यालाच ऐकवतात.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. मला स्वतःला रुखरुख नाही, पण तिला असेल तर? मी गिऱ्हाइकांना दिवसभर विचारतो, ही काच बरी की ती, आणि भलीभली माणसं गोंधळून म्हणतात, मघाची पुन्हा दाखवा. तिने तर किती चेहरे बोटाने सरकवले असतील! अ‍ॅपवरच्या फोटोत घातलेला निळा शर्ट मी कपाटातून शोधून काढला. बटणं छातीपर्यंत लागतात. खाली पोटाचा कारभार स्वतंत्र आहे. तो घालून नाश्त्याला बसलो, तर तिने विचारलं, धाप का लागतेय? मी ऊठसूट "सगळं ठीक ना?" विचारायला लागलो. शेवटी ती म्हणाली, की आता पुन्हा विचारलंस तर ठीक राहणार नाही.

मग मी ठरवलं, की तिला नव्याने भेटायचं, अ‍ॅपबिप काही नाही, चारचौघांसारखं. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते आणि मला गाडी येत नाही (घरात तिच्याकडून शिकायचं नाही, हा आमच्या सुखी संसाराचा पाया). मी खोट्याच नावाने धडा ठरवला आणि नीट भांग पाडून स्कूलबाहेर उभा राहिलो. ती गाडी घेऊन आली. तिने मला बघितलं, कागदावरचं नाव बघितलं, आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाली, "बसा. आधी पट्टा." अहो-जाहो ऐकून मला फार हुरूप आला. मी तिच्या डोळ्यांची तारीफ केली (डोळ्यांच्या बाबतीत माझ्या शब्दाला वजन आहे), तर तिने रस्त्याकडे बघायला सांगितलं. हवापाण्याचा विषय काढला, तर आरशात बघायला सांगितलं. आणि भर चौकात गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. त्या गोंगाटात माझ्या तोंडून निघून गेलं, की अ‍ॅप नसतं तर तू मला पसंत केलं असतंस का?

"क्लच," ती म्हणाली.

तिनेच कशीबशी माझ्याकडून गाडी कडेला घेववली, इंजिन बंद केलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "नसतं केलं. रस्त्यात भेटला असतास तर माझं लक्षही गेलं नसतं. अ‍ॅप होतं म्हणून तू मला सापडलास, याचं मला अजून नवल वाटतं. आणि त्या दिवशी मी ते चारचौघांत सांगितलं, तर तू खाली ताटात बघायला लागलास."

ती पुढे म्हणाली, की तेव्हापासून तिलाही चैन नव्हतं. मी शर्ट काय बदलतो, ऊठसूट चौकशी काय करतो. तिला वाटलं, याला आपली लाज वाटतेय, बहुतेक हा दुसरीकडे कुठेतरी बघतोय. आत्या, मी कुठे बघणार? मला स्टिअरिंगच्या पलीकडचंसुद्धा दिसत नव्हतं. तसं सांगितलं तर ती हसली आणि तिचे डोळे भरून आले, दोन्ही एकदम. मग आम्ही जागा बदलल्या. घरापर्यंत ती एका हाताने गाडी चालवत होती (शिकणाऱ्यांना हे ती मुळीच करू देत नाही), कारण दुसरा हात माझ्या हातात होता. आता मी निवांत आहे. निदान सकाळपासून तरी.

तब्येतीला जप.

तुझा,
ढब्बू

ता. क. एक काम होतं. मालकीणबाईंना मी त्या जेवणाच्या दुसऱ्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की अ‍ॅपचं बायकोने गमतीने म्हटलं, आमचं खरं तर आत्याने जमवलं. त्या आता तुला भेटायला येणार म्हणतायत. तू आमचं कसं जमवलंस ते ठरवून ठेव. लिफ्टपेक्षा बरं काहीतरी असू दे.

ता. क. २. हे तुझ्या सुनेला कळता कामा नये. पत्र टाकायला तिच्याकडेच देतोय, पण पाकीट पक्कं चिकटवलंय.

ता. क. ३. आत्या, मी सूनबाई. पाकीट पक्कं नव्हतं. त्या बाई आल्या तर खुशाल थाप मारा, पण माझी एक अट आहे. तुम्ही मला पुष्कळ समजावलंत, हा मुलगा नको म्हणालात, तरी मीच हट्ट धरून बसले, असं सांगा. आणि मी हे वाचलंय हे त्याला इतक्यात कळवू नका. अस्वस्थ असला की तो न सांगता सगळी भांडी घासतो.