सैल करायचं राहिलेलं टोक

१४ ऑक्टो. ७२, कोल्हार
सबस्टेशनचा वीज वाहणारा शेवटचा पाइप चढला एकदाचा! चिनी मातीच्या उंच खांबांवर बसवला. सरळ राहावा म्हणून तूर्त दोन्ही टोकं आवळलीत. एक सैल करायचंय. उन्हात पाइप वाढतो, सरकायला जागा नसली तर खांब मोडतो. भिका मिस्त्री म्हणे, "सायेब, भिकाचं काम आन् ढिलं? लोक हसतील की!" खोड्याळ आहे.

१६ ऑक्टो., खंडेनवमी
हत्यारांची पूजा. पाने, हातोडे धुऊन पाटावर मांडले. भिकाची बायको पारूवहिनी झेंडूच्या माळा घेऊन आली. पूजा झाली नि मिस्त्रीला टोक आठवलं. पाना उचलायला वाकला तर ती कडाडली, "आज हात न्हाई लावायचा! देवी बसलीय त्यात." हा हसला. "घरचा सायेब लई कडक हाय. उद्या दसरा. परवा बघू." मीही गूळ-खोबरं खात हो म्हणालो. पाऊस नाहीच यंदा, ऊन मरणाचं.

१८ ऑक्टो.
सकाळी मिस्त्री शिडीवर चढला, बोल्ट सैल करायला गेला आणि खांब वरच्या बाजूला कटकन मोडला. तडा आधीच गेलेला असणार, खालून दिसला नाही. पाइप भिकाच्या छातीवर. ट्रकमध्ये घालून नगरला नेलं, सिव्हिलला. वहिनी वाटभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन. देवा, वाचव रे.

१९ ऑक्टो.
दुपारी शुद्धीवर आला. वहिनी पाणी आणायला गेली तेव्हा मला म्हणाला, "दोन दिस आवळून ऱ्हायलं, म्हून मोडलं न्हवं?" मी होय म्हणून मान हलवली. "तिला सांगू नगा सायेब. जलमभर सोताला खाईल."
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

२० ऑक्टो.
भिका गेला. लिहवत नाही.

२९ ऑक्टो.
प्रवरेवर दहावा. सगळं उरकल्यावर वहिनी जवळ आली. डोळे सुकलेले.
"भाऊ, खरं सांगा. पूजेच्या दिशी माझ्या माघारी त्यांनी पान्याला हात लावला हुता का? म्हून कोपली का देवी?"
"नाही हो वहिनी. तुमचा शब्द नाही मोडला त्यानं."
किती बरं वाटलं तिला! पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडं बघत राहिली.
"मग असं कसं झालं?"
परवा चौकशी आहे. वरचे साहेब मला हेच विचारणार, आणि तिलाही बोलावलंय.