लेकीच्या घरचं पाणी

कारापूर,
४ नोव्हेंबर २०२४

श्रीमती पद्मावती विहीणबाईंस,
सरस्वतीचा स. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि हर्षाकडे निरोप दिला तर तुमची लेक त्यातलं तिखट काढून उरलेलं सांगते. म्हणून ती कोरगावला निघाली आहे तर तिच्याच पिशवीत हे पत्र घातलं आहे.

तुम्ही परसात पडून पाय मोडून घेतल्यापासून ती शाळेत शिकवून झालं की बस धरते. म्हापशाला उतरून पुढची बस, तुमच्याकडे स्वयंपाक, तुमची आंघोळ, की लगेच परत. काल गॅससमोर तिला घेरी आली. माझ्या श्रीनाथने बायकोला वेळेवर धरलं म्हणून भाजली नाही. तुम्हाला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती, ती मी मोडते आहे.

तुम्ही इथेच राहायला या. माझेही गुडघे गेले, हात थरथरतात. पण जनेलाजवळची खोली मोकळी आहे, त्या खिडकीत बसलं की रस्त्यावरची सगळी ये-जा दिसते. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याची तुम्हाला माझ्याइतकीच हौस, हे मला ठाऊक आहे.

लोभ आहेच, तो लवकर होकार देऊन दाखवावा.
आपली,
सरस्वती

कोरगाव,
७ नोव्हेंबर २०२४

श्रीमती सरस्वतीबाईंस,
पद्मावतीचा स. न. वि. वि.

पत्र वाचून जीव खाली-वर झाला. पोरीने मला काहीच कळू दिलं नाही. तिला म्हणावं, उद्यापासून येऊ नकोस. शेजारची गौरवी पेज आणून देते.

तुम्ही बोलावलंत यातच सगळं आलं, पण मला येता येणार नाही. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. माझ्या आईने पाळली, मीही पाळली. देवाने हर्षाची ओटी भरली नाही, त्याला तुमचाही इलाज नाही आणि माझाही. तुमच्याकडे आले तेव्हा तेव्हा पाण्याचा तांब्या तसाच ठेवून उठले, ते तुम्ही पाहिलंच आहे.

माझा मुलगा साईश लंडनहून म्हणतो की म्हापशाजवळ एक चांगला वृद्धाश्रम आहे. त्याने मोबाईलवर फोटो दाखवले. बागही आहे म्हणे. त्याला मी हो कळवलं. खरं सांगते, जावंसं वाटत नाही. पण लेकीचा जीव घेण्यापेक्षा ते बरं.

राग धरू नये, माया तेवढी धरावी.
आपली,
पद्मावती

कारापूर,
९ नोव्हेंबर २०२४

विहीणबाई, न. वि. वि.

राग धरू नये म्हणता, मला तर रात्रभर राग आला. मूल झालं नाही म्हणून सासू असून मी हर्षाला कधी उणा शब्द बोलले नाही. मग तुम्ही आई असून तिला ही शिक्षा का देता? तुम्ही तांब्या न शिवता उठायच्या आणि ती मागे न्हाणीघरात जाऊन रडायची. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, मी सांगते.

रीत मोडू नका हवं तर. तुमच्या खाजन शेतातलं कोरगूट भात नुकतंच घरात आलंय ना? तेच तांदूळ घेऊन या, वेगळी शेगडी मांडा, स्वतःचं खा. लेकीचा दाणाही तुमच्या पोटात जाणार नाही, मी राखण करीन. श्रीनाथ रविवारी गाडी घेऊन येतोय. नाही म्हणालात तर गुडघे घेऊन मीच येईन, मग आपल्या दोघींचं करायला हर्षाला तिथे यावं लागेल.

भेटीअंती भांडूच.
सरस्वती

कारापूर,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. साईश यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हर्षा या पत्राचा फोटो काढून पाठवील. पत्राच्या वर लिहिलेला गाव नीट वाच. त्या आश्रमाला कळव की मी येत नाही.

श्रीनाथच्या गाडीतून मी तांदूळ, सुके बांगडे, लोणचं, माझं पातेलं, एवढंच काय मीठसुद्धा घरचं आणलं. पहिल्याच संध्याकाळी वेगळ्या शेगडीवर बसल्या जागी पेज केली. अर्धी संपली तेव्हा तुझ्या ताईच्या सासूने अगदी साळसूदपणे विचारलं की कोरगावच्या तांदळाला कारापूरचं पाणी मानवलं का. माझा हात तिथेच थांबला. सगळा संसार बांधून आणला आणि पाणी विसरले! तांदूळ घेऊन या असं मला पत्रात लिहिलं तेव्हापासूनच ही बाई हे ओळखून होती. पदर तोंडाला लावून हसत होती.

पण दारात हर्षा उभी होती, ती हसत नव्हती. मी आता ताट सारते की काय, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. साईश, मी ताट सारलं नाही. सगळी पेज संपवली, मग तिला हाक मारून पेलाभर पाणी मागितलं आणि तिच्यासमोर घटाघटा प्याले. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहानपणीसारखी रडली. मग मी तिला बसवलं आणि तिच्याच स्वयंपाकघरात तिला पोटभर वाढलं. दुसऱ्या दिवशी वेगळी शेगडी विहीणबाईंनी माळ्यावर टाकली.

आता मी काठी घेऊन अंगणापर्यंत चालते. विहीणबाईंचे हात थरथरतात म्हणून भाजी मी चिरते, आणि माझा पाय अवघडला की त्या बसल्या जागेवरून हुकूम सोडतात. हर्षाच्या गालावर रंग आला आहे.

शिगम्याला येशील तो थेट इथेच ये. आई कुठे असते असं कोणी विचारलं तर चाचरू नकोस. लेकीच्या घरी राहते आणि तिच्या हातचं खाते, असं मोठ्याने सांग.

तुझी,
आई