तिसरी चकती

रविवार, २ मार्च

किल्ल्या सापडल्या — पिठाच्या डब्याखाली! हरवल्या नव्हत्या, मीच ठेवल्या होत्या. पण थोरल्याला निमित्त मिळालं. त्याच्याकडच्या जुन्या चकत्या घेऊन आला, कोटाच्या बटणाएवढ्या. एक माझ्या किल्ल्यांना, एक ह्यांच्या चष्म्याच्या घरात. वस्तू कुठे पडलीय ते आम्हा दोघांच्याही मोबाइलवर ठिपक्याने दिसतं म्हणे. फुकटात होतं, म्हणून नाही म्हटलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

देवळातून बाजारामागे, धाकटीकडे. बाळाला पहिला दात! मांडीवर घेतलं तर माझंच बोट चावलं. धाकटी "बाबा कसे आहेत" असं कधी विचारत नाही. मीच आपली सांगत बसते.

ह्यांच्या घड्याळाच्या दुकानासमोर मोबाइलचं दुकान टाकणाऱ्याशीच तिने लग्न केलं! मोबाइल आले नि लोकांनी घड्याळं सोडली, हा ह्यांचा जुना राग. त्यात जावई तोच. तेव्हापासून ह्या घरात तिचं नाव निघत नाही. नातीचं तोंडही ह्यांनी पाहिलेलं नाही.

घरी आले तर म्हणतात, "देऊळ बाजारामागे हलवलं वाटतं?"

ह्यांना कसं कळलं? पण मी खोटं बोललेले नाही. देवळात जातेच. पुढचं सांगत नाही, एवढंच.

शनिवार, ८ मार्च

किल्ल्या पुन्हा सापडेनात, म्हणून मोबाइल उघडला. यादीत तीन नावं — किल्ल्या. चष्मा. आई.

आई!

म्हणजे ह्या घरातली हरवणारी वस्तू मी! पिशवीचं अस्तर उसवलं, निघाली तिसरी चकती. थोरल्याला फोन लावला. "अगं आई, बाबांनाच काळजी वाटत होती. गुरुवारी तुला फार उशीर होतो म्हणाले." काळजी! ती तोंडाने विचारता येते की. म्हटलं, "बायकोच्या पिशवीतही शिवलीस का रे?" त्याने फोनच ठेवला.

फेकूनच देणार होते. मग देवासमोर बसले, डोकं जरा थंड झालं. चकती होती तिथे ठेवली आणि अस्तर पुन्हा शिवलं. बघायचंय ना? बघा!

गुरुवार, १३ मार्च

एरवी मागच्या गल्लीने जायचे. आज भर बाजारातून, ह्यांच्या दुकानासमोरून गेले. देवळात आधी, मग धाकटीकडे.

जेवताना भडका उडाला.

"त्या मोबाइलवाल्याच्या घरात पाऊल ठेवायचं नाही, सांगितलं होतं मी."

"पाऊल माझं आहे. ठिपका तुमचा."

हे अर्ध्या ताटावरून उठले. अन्न टाकलेलं मला चालत नाही. तेच ताट झाकून ठेवलं, सकाळी गरम करून पुढ्यात वाढणार.

शुक्रवार, १४ मार्च

वाढलं. मुकाट्याने खाल्लं. बोलणं बंद आहे. घरात केवढी शांतता! हिशेब एका बैठकीत जुळला, जपही चांगला झाला.

गुरुवार, २० मार्च

चकती धाकटीच्या घरी ठेवून आले. बाळाच्या हाती लागेल, तोंडात घालेल, म्हणून वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे. धाकटी आधी हसली, मग डोळे पुसत बसली. "कशाला गं आई भांडण ओढवून घेतेस?" म्हटलं, भांडण नाही, पत्ता देतेय.

संध्याकाळी आमचे मुखस्तंभ अखेर बोलले. "ठिपका अजून तिकडेच दिसतोय."

"पडली असेल कुठे तरी. तुम्हीच लावली होतीत, तुम्हीच शोधून आणा."

मंगळवार, १ एप्रिल

दुकानात डबा द्यायला गेले. कुणाचं तरी घड्याळ पोट उघडून पडलेलं, आणि हे डोळ्याला भिंग लावून मोबाइल बघतायत! ठिपकाच. मला पाहिलं आणि मोबाइल उपडा टाकला. "वेळ बघत होतो," म्हणे. भिंतभर घड्याळं टांगलेली असताना!

गुरुवार, १० एप्रिल

"तिकडच्या चकतीचा सेल संपत आलाय," हे म्हणाले. "मोबाइलवर तसं आलंय."

"संपू दे."

"संपला की दिसायचं बंद होईल."

"काय दिसायचं?"

चष्मा पुसत स्वतःशीच पुटपुटले, "थोरल्याने हलका सेल घातलाय. आणि त्या मोबाइलवाल्याला कुठला नीट बदलता येतोय!"

"द्या, मी बदलून आणते," असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. देवा, माझं तोंड असंच बंद ठेव.

शुक्रवार, ११ एप्रिल

दुपारी किल्ल्यांसाठी मोबाइल उघडला. किल्ल्या घरातच. आई बाजारामागे. चष्माही बाजारामागे — ठिपक्यावर ठिपका! तास होऊन गेला, दोन्ही हलत नाहीत. सेल बदलायला एवढा वेळ लागत नाही.