काळ्या बॅगेची झडती

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (भावोजींना विचारलं की ते "ठणठणीत" म्हणतात, पण ते कुणाच्या गुडघ्यांबद्दल बोलतात याची मला शंका आहे.) इथे देवाच्या कृपेने सगळे बरे आहेत, निदान तसं दाखवतात तरी. तुझ्या भाचीच्या लेकीला, म्हणजे आमच्या मोठ्या मॅडमना (एक आवाज दिला की सगळं घर रांगेत उभं राहतं, म्हणून हे नाव), खाली दोन दात आलेत आणि दोन्हींची धार माझ्या बोटावर तपासून झाली आहे.

पत्रास कारण एक बॅग. तुला ठाऊकच आहे, लेक अजून आमच्याकडेच आहे आणि तिची बाळंतपणाची रजा आता संपते. मग दिवसा मॅडमना सांभाळायचं कुणी? मी कुणालाही न सांगता पुढच्या महिन्यापासून कारखान्याच्या फाटकावरची दुपारची ड्यूटी मागून घेतली, म्हणजे सकाळ मोकळी. पण दुसऱ्या बाजूला आमचे व्याहीबुवा आहेत. निवृत्त हेडमास्तर, दिवसभर घरी, आवाज गोड, गाठीला गोष्टी भरपूर. विहीणबाई अजून नोकरीला जातात, त्यामुळे ह्यांची मांडी रिकामीच. माणूस सज्जन आहे, म्हणूनच मला त्यांची धास्ती. अशात लेकीचा निरोप आला, "बाबा, ड्यूटी सुटली की दुकानात या. बाळाचं सामान ठेवायला पाठीवरची बॅग घ्यायचीय. जरा स्टायलिश हवी." मी विचारलं, कशाला? म्हणाली, "ने-आण करायला." झालं! ताई, मूल घरीच राहणार असेल तर ने-आण कसली? मी ओळखलं. मॅडमची रवानगी हेडमास्तरांकडे होणार आणि मला फक्त बॅग निवडायचा मान.

गणवेश न बदलताच तिथे पोचलो. दुकान म्हणजे काय सांगू! छतापर्यंत बॅगाच बॅगा. (आपण दोघं शाळेत एकच पिशवी आळीपाळीने धरायचो, आणि शाई सांडली की दोघांनीही मार खायचा. इथे दात येत असलेल्या मुलीला अठरा कप्पे.) दुकानातली मुलगी एक राखाडी बॅग दाखवून म्हणाली, "काका, आत डायपर आहेत हे बघून कुणाला कळणारसुद्धा नाही." आता मी इतकी वर्षं औषधांच्या कारखान्याच्या फाटकावर लोकांच्या बॅगा तपासतोय. "कुणाला कळणार नाही" असं ज्या बॅगेबद्दल म्हणतात, ती मी आधी उघडायला लावतो. पाठीकडून चोरकप्पा, बुडाला आणखी एक चेन, बाटली गरम राहावी म्हणून आतून चंदेरी अस्तर. मी अस्तर ठोकून पाहिलं, पट्टे ओढून पाहिले, बॅग उलटी करून झटकली. बॅगेत काही दोष निघाला की खरेदी लांबेल आणि ने-आणही लांबेल, एवढाच माझा डाव. पाचव्या बॅगेला लेक दात आवळून म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा दारापाशी हवा खा बघू!"

दारापाशी गेलो. तिथला रखवालदार चहाला गेला होता. मी सवयीने हात मागे बांधून उभा राहिलो, अंगावर गणवेश. एक बाई बाहेर पडताना थांबल्या आणि त्यांनी आपणहून पर्स उघडून माझ्यापुढे धरली. आता ताई, समोर पर्स उघडल्यावर मी काय डोळे मिटून घेऊ? पाहिली, मान हलवली, जा म्हटलं. त्यांच्या मागे एक आजोबा, त्यांच्या मागे दोन मुली. पाहता पाहता रांग लागली. (देवाशपथ, मी कुणालाही बोलावलं नव्हतं. पण "पुढे चला, पुढे चला" एवढं तोंडातून गेलं असेल.)

रांगेत एक तरुण होता. पाठीवर काळी, ऐटदार, ऑफिसला नेतात तशी बॅग. उघडायला लावली, तर आत एका डबीत तीन खण आणि तिन्हींत पांढरी पूड. मी वास घेतला. म्हणाला, "दुधाची पावडर आहे काका, बाळाची." शेजारी गुंडाळलेली रबरी चटई, ओले रुमाल, एकच मोजा. मी दरडावून विचारलं, "बाळाची म्हणता, मग बाळ कुठंय?" मागची बाई म्हणाली, "अहो, छातीशी काय बांधलंय त्यांनी?" खरंच की! झोळीत पोरगं गाढ झोपलेलं. आमच्या कामात हे असं होतं. बॅग दिसते, माणूस दिसत नाही.

तेवढ्यात खरा रखवालदार परतला, म्हणाला, "तुम्ही कोण हो?" आणि मागून लेकीचा आवाज, "बाबाऽ! काय चाललंय हे?" मी म्हटलं, बॅग बघतोय. खोटं नव्हतं. बाळवाल्या त्या भल्या तरुणाने न रागावता सगळे कप्पे उघडून दाखवले, आणि लेकीने अगदी तशीच काळी घेतली.

घरी येताना लेकच म्हणाली, "अहो बाबा, तोंड का पाडलंय? बॅग तुमच्यासाठी आहे. सकाळी मॅडम तुमच्याकडे. तुम्ही दुपारची ड्यूटी मागितलीत ते कळलंय मला, तिकडे जाताना त्यांना माझ्या सासऱ्यांकडे पोचवायचं. फुलाफुलांची बॅग तुम्ही पाठीला लावली असतीत का?" मी रस्त्यातच देवाला हात जोडले. सध्या घरात बॅग पाठीला लावूनच फिरतो.

भावोजींना नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा

ता. क. रविवारी लेक घरी जमलेल्या सगळ्यांपुढे मला मॅडमचा डायपर बदलून दाखवायला लावणार आहे. ते जमलं तरच सकाळ माझी. मला येतं असं मी छातीठोकपणे सांगून बसलोय. खरं तर लेकीच्या वेळी तुझी भावजय होती, सगळं तिनेच केलं, मला काडीचं येत नाही. उशीवर सराव करतो, पण उशी लाथा मारत नाही. तू शनिवारच्या आत ये. गुडघे दाखवायला आलीस असं सांगू.

ता. क. दुसरा. पत्र बंद करणार इतक्यात व्याहीबुवा आले होते. मला गॅलरीत नेऊन, दार लावून, हळूच म्हणाले, "तुम्हाला येतं म्हणे. मला कधी जमलंच नाही हो. रविवारच्या आत शिकवाल?" मी हो म्हणालोय. तेव्हा दोघांना शिकवायच्या तयारीनेच ये.