बुटक्या छपराखालचं टाकं

४ जून
आणि म्हणूनच मी आईला म्हटलं, तू कितीही नाक मुरड, मी जाणार म्हणजे जाणार! आले. मुरंगदो बेट, कोरियाच्या पार टोकाला. बीच एवढा मोठा आणि रिकामा, की चप्पल काढून उगाच पळत सुटले. महिनाभर मिठागरात काम शिकायचं, राहणं-खाणं मालकांकडे. शाळेतल्या माझ्या सगळ्या मैत्रिणी बँकेत चिकटल्या, मला हाताने काहीतरी बनवायचंय. मालक फान्सिक काका भेटल्या भेटल्या म्हणाले, सोलच्या राणीसाहेब, आधी नखं कापून या. त्यांच्या बायकोने ताटात खारवलेला मासा वाढला आणि विचारलं, तुमच्या सोलमध्ये मीठ पाकिटातच उगवतं ना? इतकी हसले मी!

८ जून
इथे मीठ ‘बनवलं’ म्हणत नाहीत, मीठ ‘आलं’ म्हणतात. पाहुणा आल्यासारखं. समुद्राचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत, उन्हात आटवत न्यायचं. पण पाऊस पडला की सगळं गोडं होऊन वाया. म्हणून मध्ये मध्ये जमिनीत खोदलेली टाकी आहेत, वर कमरेएवढं बुटकं छप्पर. ढग दिसला की धावायचं, टाक्याच्या तोंडाची फळी उपसायची, वाफ्यातलं सगळं पाणी धो धो टाक्यात. सुपर! फावडं ओढायला मला इथल्या जुन्या गड्याने, दोकबे काकांनी शिकवलं. पन्नाशीचे असतील. मालकीणबाई म्हणतात तो मुका आहे, डोकंही जरा कमीच, वीस वर्षं आम्हीच सांभाळतोय बिचाऱ्याला.

१२ जून
दोकबे काका मुके नाहीत.
आज पाणचक्कीमागे बोलले. अगदी स्पष्ट. म्हणाले, नाजू शहरात माझी बहीण आहे, तिला वाटतं मी मेलो. तुझ्याबरोबर माझंही तिकीट काढ, नुसतं बोटीत बसव, पुढचं मी बघतो. मी विचारलं, स्वतः का नाही जात? म्हणाले, तीनदा गेलो होतो. आणि शर्ट वर केला. काय दिसलं ते मी इथे लिहिणार नाही. शनिवारची बोट. माझा महिना अर्धवट राहिला तर राहू दे, मी त्यांना घेऊन जाणार. प्रॉमिस केलंय.

१४ जून
तिकीट खिडकीवरची बाई फार गोड. दोन कुणाला, म्हणाली. मी मूर्ख, हसत हसत सगळं सांगितलं. दोकबे काका वीस वर्षांनी बहिणीला भेटणार, किती छान ना! ती म्हणाली छानच की, पण मिठागरातल्या माणसाचं तिकीट मालकाला विचारल्याशिवाय फाडत नाही आम्ही, बेटाची पद्धत आहे, राग नको मानूस हं. फोन उचलला. मला पेपरमिंटची गोळी दिली.

१५ जून
दोकबे काका जेवायला नाहीत. मालक म्हणाले, गेला की बहिणीकडे, तूच तर पाठवलंस! सगळे खो खो हसले. पण काकांचे रबरी बूट दारातच आहेत. बाईंनी ते माझ्यापुढे सरकवले, घालून बघ, बसतील तुला.
पोलिसांना फोन केला. साहेब म्हणाले, फान्सिकदादांची पाहुणी ना तू? थोड्या वेळाने ते आमच्या अंगणात बसून कलिंगड खात होते.

१७ जून
शनिवार. वाऱ्यामुळे बोट रद्द. आईला फोन लागत नाही. दुपारी एकदम पाऊस. सगळे ओरडत वाफ्यांकडे धावले. कडेच्या टाक्याची फळी मालकांनी माझ्याकडे दिली. हात लावला आणि आतून — ठक. ठक ठक.
मी थांबले.
मालक, बाई, साहेब, शेजारपाजारचे, सगळे पावसात उभे. माझ्याकडे बघत. कुणी ओरडलं नाही. मालक अगदी प्रेमाने म्हणाले, पोरी, पाणी गोडं होतंय.
मी फळी उपसली.

१८ जून
सगळ्यांनी पाठ थोपटली. आता आमची झालीस म्हणाले. सगळ्यात मोठा मासा माझ्या ताटात. मी खाल्ला.
मी खाल्ला —

१९ जून
बोट अजून बंद. टाकं काठोकाठ भरलंय. पार छपरापर्यंत. तरी ठक ठक. जेवायच्या वेळीच. बाई म्हणतात, ओलं लाकूड फुगतं गं, भात वाढू का —

२० जून
आजही. तीनदा. मालक म्हणाले छप्पर उघडून बघ हवं तर, कोण अडवतंय. दारापर्यंत गेले. हात — नाही —
फळी उपसताना मला वाटलं होतं, लाकूडच आहे. खरंच वाटलं होतं. म्हणजे मी तसं स्वतःला — तुम्ही वाचताय ना हे? तुम्हीच सांगा, ओलं लाकूड असं वाजतं ना? की मला तेव्हाच —