आर्थिक नियोजनाच्या बाईंची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, निवृत्त माध्यमिक शिक्षिका, अविवाहित, गेली चौतीस वर्षे याच दोन खोल्यांत राहणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या चष्म्याने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत पोचले. डॉक्टर पडताळणी करताना बहात्तरपाशी अडखळले, पण त्यांची बुद्धी हा या कागदाचा विषय नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. एका बाईचे आहे, तिचा खुलासा पुढे येईल.

याआधी मी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्या दोन्हींत मी फार चांगली दिसते.

कलम पहिले. माझ्या पश्चात या कागदाची अंमलबजावणी माझी एक जुनी विद्यार्थिनी करील. वर्गात तिला सगळे 'शंकासुर' म्हणत, मीही म्हणत असे. वय बेचाळीस. बांधकामावरची उंच क्रेन चालवते. सकाळी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन शिडीने वर जाते, ती संध्याकाळीच खाली येते. दहावीत मी तिला 'बालवाडी शिक्षिका होण्यास योग्य' असे लेखी प्रमाणपत्र दिले होते. हे काम स्वीकारताना तिने एकच अट घातली, मसुदा आधी वाचणार. तीन दिवस ठेवून घेतला आणि पेन्सिलीच्या खुणा करून परत आणला. त्यामुळे काही मजकूर बदलला आहे आणि एक अख्खे कलम वाढले आहे.

कलम दुसरे, भाचा. धाकट्या भावाचा मुलगा, माझा एकुलता एक भाचा, गुंतवणूक सल्लागार आहे. निदान त्याच्या कार्डावर तसे छापलेले आहे, दोन्ही बाजूंनी. गेल्या महिन्यात तो आला, तब्येत विचारली आणि उत्तराची वाट न पाहता खिशातून टेप काढून पुढच्या खोलीची लांबी मोजू लागला.

"आत्या, तुला नवे पडदे घ्यायचेत," म्हणाला.

पडदे खिडकीला लावतात आणि तो भिंत मोजत होता. मग त्याने बॅगेतून गुळगुळीत कागदाचे एक पुस्तक काढले.

"तुझी सगळी ठेव यात टाक. पंधरा वर्षं हात नाही लावायचा. तू ना, लांबचा विचारच करत नाहीस."

"पंधरा वर्षांनी मी किती वर्षांची असेन रे?"

त्याने फोन काढला आणि आकडेमोड करायला घेतली.

या भाच्यास मी माझे मोठ्या बटणांचे कॅल्क्युलेटर देत आहे, बॅटरीसह. घर मिळणार नाही. मात्र त्याची मेहनत वाया जाऊ नये म्हणून नोंदवून ठेवते, पुढची खोली साडेअकरा फूट आहे.

कलम तिसरे, नोंदवही. छत्तीस वर्षे मी गणित शिकवले. त्यातली सव्वीस वर्षे शनिवारचा शेवटचा तासही माझ्या गळ्यात होता. वेळापत्रकात त्याचे नाव 'व्यवसाय मार्गदर्शन व आर्थिक नियोजन', मुलांच्या तोंडी 'बाईंचं भविष्य'. आठवी ते दहावीच्या पोरांना जगात सोडण्याआधी आठवड्याला चाळीस मिनिटांत जगाची माहिती द्यायची, असा तो प्रकार. त्यासाठी वरून साठ प्रश्नांची कल-चाचणी आली होती. सतरावा प्रश्न असा, 'घड्याळ उघडून बघावेसे वाटते का?' हो म्हणणारा अभियंता, नाही म्हणणारा वाणिज्य शाखा. 'आमच्याकडे घड्याळ नाही' असे लिहिणाऱ्यासाठी रकाना नव्हता.

प्रत्येक नावापुढे मूल कोण होणार ते मी लिहीत गेले. अशी एक हजार दोनशे अकरा भविष्ये या वहीत आहेत. निवृत्तीनंतर रिकामपण होते म्हणून चौकशी करून पडताळा घेतला. नऊ बरोबर निघाली. त्यातले पाच जण बापाच्या दुकानात बसले, ते मी न लिहिताही बसलेच असते. 'वक्तृत्व उत्तम, वकील होईल' असा मुलगा मत्स्यालय सांभाळतो, दिवसभर कोणाशी बोलावे लागत नाही म्हणून सुखी आहे. 'एका जागी बसत नाही, कार्यालयीन कामास अयोग्य' अशी मुलगी नोंदणी कचेरीत लागली आणि एकाच खुर्चीवर तीस वर्षे बसून आता निवृत्तीला आली आहे. चुकीची भविष्ये ऐकून बिघडलेले मात्र कोणी सापडले नाही. कोणी ऐकलेच नव्हते.

ही नोंदवही शाळेच्या नव्या समुपदेशकास द्यावी. तो हेच काम संगणकावर करतो आणि पालकांकडून त्याचे वेगळे शुल्क घेतो. त्याला माझ्याइतके यश लाभो.

कलम चौथे, मुख्याध्यापक. सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्याच्या दोन वर्षे आधी आमच्या मुख्याध्यापकांनी शाळेत 'उज्ज्वल भविष्य विद्यार्थी बचत योजना' आणली होती. पालकांनी दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि पाच वर्षांनी मुलाच्या पुढच्या शिक्षणाला एकरकमी पैसे घ्यायचे. कंपनीने सभागृहाला बारा पंखे दिले आणि मुख्याध्यापकांना फिरती खुर्ची. त्रेचाळीस घरांनी नावे नोंदवली. कंपनीचा एजंट माझा धाकटा भाऊ होता.

एका शनिवारी मी दहावीच्या वर्गाला सांगितले होते, घरात कोणीतरी सही केलेला एक कागद घेऊन या, आपण वाचू. भाडेकरार आले, शिलाई मशीनच्या हप्त्याचे कागद आले. शंकासुराने योजनेचा कागद आणला. तिचे वडील रंगारी होते, कागदाच्या कोपऱ्याला हिरव्या रंगाचा अंगठा लागला होता. ती मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचत उभी राहिली.

"बाई, 'व्यवस्थापन व प्रोत्साहन खर्च वजा जाता' म्हणजे कोणाचा खर्च?"

"कंपनीचा."

"मग तो आमच्या पैशांतून का वजा जातो?"

"ये, फळ्यावर मांड," मी म्हटले.

तिने मांडले. वर्गाने मदत केली. पाच वर्षे भरलेल्या दर शंभरामागे परत मिळणार होते एक्याऐंशी. मध्येच सोडले तर त्याहून कमी.

"बाई, गादीखाली ठेवले असते तर शंभरच राहिले असते ना?"

वर्ग खो-खो हसला. मुलांनी गणित वहीत उतरवून घरी नेले आणि सोमवारी शाळेच्या फाटकाशी पालक उभे. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. फिरती खुर्ची आधी भिंतीकडे होती, ती हळूहळू माझ्याकडे वळली.

"हा तास व्यवसाय मार्गदर्शनाचा आहे, बाई. चौकशी समितीचा नाही."

"गणित चुकलं असेल तर दाखवा, सर."

त्यांनी गणित दाखवले नाही, नोटीस दाखवली. 'विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाबाहेरील वजाबाकी शिकविल्याबद्दल कारणे दाखवा.' माझी वेतनवाढ दोन वर्षे रोखली गेली. कंपनीला काहीच झाले नाही, कारण तिने काहीच लपवले नव्हते. सगळे छापलेले होते. मुदत संपल्यावर तिने शंभराचे एक्याऐंशी चोख परत केले, पावतीसकट.

ती मूळ नोटीस मी जपून ठेवली आहे. चांगल्या चौकटीत बसवून मुख्याध्यापकांस द्यावी. ते आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत आणि तरुणांना सचोटीवर व्याख्याने देतात. मी गेल्यावर शाळेने शोकसभा ठेवू नये. ठेवलीच तर त्यांना बोलू देऊ नये. बोललेच तर पंखे बंद ठेवावेत.

कलम पाचवे, भाऊ. त्या प्रकरणानंतर माझे आणि भावाचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. मी त्याला 'पोरांच्या फीवर जगणारा' म्हणाले होते, तेही त्याच्या बायकोदेखत. बाराव्या वर्षी माझे पोटाचे ऑपरेशन झाले तेव्हा तो दवाखान्यात आला, स्टुलावर बसला आणि मोसंबी सोलत राहिला. सोललेली सगळी मोसंबी त्यानेच खाल्ली.

मग म्हणाला, "ताई, तू सगळ्यांना माझं सांगतेस. तुझं कधी सांगणार आहेस?"

मी झोपेचे सोंग घेतले.

या भावास मी लोखंडी कपाट देते. त्याचे दार लागत नाही, हे कपाट मला विकताना त्याला ठाऊक होते. त्याखेरीज त्यास मी क्षमाही करीत आहे. माझ्याजवळ ती फारशी नाही, जपून वापरावी.

मूळ मसुदा इथे संपत होता. पुढे घर, ठेवी आणि सह्या. शंकासुर मसुदा परत घेऊन आली ती गुरुवारी, क्रेन बंद होती म्हणून. खुर्चीवर बसली, पाने उलटली आणि पाचव्या कलमाखालच्या मोकळ्या जागेवर पेन्सिल टेकवली.

"बाई, यात तुमचं कुठंय?"

"माझंच तर आहे सगळं."

"नाही. भाचा आहे, सर आहेत, तुमचे भाऊ आहेत. सगळ्यांच्या चुका आहेत. तुमची कुठंय?"

"कोणती?"

तिने पिशवीतून घडी घातलेला एक जुना कागद काढला आणि टेबलावर पसरला. वडील वारल्यावर त्यांच्या ट्रंकेत सापडला म्हणाली. मी तो ओळखला. वाचायची गरज पडली नाही.

"हे लिहिल्याशिवाय मी हे काम घेणार नाही," ती म्हणाली. "दुसरं कोणी बघा."

दुसरे कोणी नाही. म्हणून लिहिते.

कलम सहावे, सही. 'उज्ज्वल भविष्य' योजनेचे एक माहितीपत्रक होते. ते शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या दप्तरातून घरी गेले. त्यावर माझा फोटो होता आणि खाली छापले होते, 'आमच्या आर्थिक नियोजनाच्या शिक्षिकेची शिफारस.' त्याखाली माझी सही. खरी, माझ्या हातची.

भाऊ ती घ्यायला शिक्षकखोलीत आला होता, दोन तासांच्या मध्ये. घंटा झाली होती, माझ्या एका हातात खडू-डस्टर होते. "ताई, वाचून घे हवं तर," म्हणाला. मी म्हटले, "तू आणलंयस ना?" आणि उभ्या-उभ्या, भिंतीला टेकवून सही केली. मग वर्गात गेले. त्या दिवशीचा धडा होता, सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचा. तो मी चांगला शिकवला.

या शिफारशीबद्दल मला काहीही मिळाले नाही, असे मी लिहिले होते. शंकासुराने भुवया उंचावल्या. एक टेबलपंखा मिळाला. तो अजून चालतो.

दोन वर्षांनी ती मुलगी फळ्यावर वजाबाकी करत होती, तेव्हा त्या पत्रकावर माझे नाव आहे हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होते. एकानेही ते बोलून दाखवले नाही. लोक मला आजही त्या शनिवारची नायिका समजतात. सत्काराला बोलावतात, शाल देतात. तीन शाली झाल्या. मी कधी कोणाला दुरुस्त केले नाही.

कलम सातवे, घर व ठेवी. माझे हे दोन खोल्यांचे घर, जे मी अठरा वर्षे हप्ते भरून स्वतःच्या नावे केले, विकावे. आलेली रक्कम आणि बँकेतील ठेवी एकत्र करून त्रेचाळीस घरांना त्यांचे शंभरामागचे एकोणीस, आजपर्यंतच्या व्याजासह, परत द्यावेत. घरांची यादी सोबत जोडली आहे. ती शंकासुराने आधीच करून आणली होती, पत्त्यांसकट. कोण वारले, कोणाची मुले कुठे गेली, सगळे लिहिलेले.

यादीत बेचाळीस नावे होती. मी विचारले, "एक कमी कसं?"

"आमचं नाही घातलं."

"का?"

तिने यादी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "बाबांनी तुमच्या सहीवर पैसे नव्हते भरले, बाई. त्यांना कुठं वाचता येत होतं? ते नकोच म्हणत होते. मी मागं लागले. तुमच्या तासाला शिकलेलं सगळं त्यांना सांगितलं. बचत, नियोजन, सगळं. माझ्याकडं बघून भरले त्यांनी."

"म्हणजे चूक दोघींची."

"मी तेरा वर्षांची होते," शंकासुर म्हणाली. "तुम्ही त्रेचाळीस."

त्रेचाळिसावे नाव मी माझ्या हाताने यादीत घातले आहे. तिने ते खोडू नये. खोडल्यास हे सगळे मृत्युपत्र रद्द समजावे आणि घर भाच्याला जावे. हे ऐकल्यावर तिने पेन्सिल पिशवीत टाकली.

येणेप्रमाणे सात कलमे, जोडलेली यादी आणि डॉक्टरांचा दाखला मी स्वतः वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करीत आहे. दोघांपैकी कोणासही यातून काही मिळायचे नाही.

ठिकाण : राहते घर, तिसरा मजला
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार, सकाळी अकरा

सही : (निवृत्त शिक्षिका)

आमच्या समक्ष सही झाली. सही करण्याआधी बाईंनी सगळा कागद मोठ्याने वाचला. सहावे कलम वाचताना दोनदा थांबल्या. पाणी नको म्हणाल्या.

साक्षीदार १ : दाखला देणारे डॉक्टर
साक्षीदार २ : तळमजल्यावरचा शिंपी